आधी काम, मग कार्ड

सक्करदऱ्यातल्या साध्या घरात मुलाचे ग्राफिक्स कार्ड जळाले, की पहिला प्रश्न येतो, ‘नवे केवढ्याला?’ खरे तर विचारायला हवे, ‘कशासाठी?’ इनपेजमधली उर्दू, मराठी टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांना प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर वेगळे कार्ड लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग शिकून कमवू पाहणाऱ्याला मात्र ते लागते. त्याने आधी पॉवर सप्लाय पाहावा. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स ७५ वॉटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालतात. आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणून या कामाला ते नको. जुने कार्ड घेण्यात कमीपणा नाही. फक्त अर्धा तास चालवून, तापते किती ते पाहून, बिलासह घ्या. व्याजाचे हप्ते भरून घेतलेला दिमाख मात्र मुलाच्या फीमधूनच फेडावा लागतो.