उसाच्या काट्यातले यंत्र पुलाखालीही हवे

गाळप हंगामात सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा राहिला, की काही क्षणांत पडद्यावर वजन दिसते. त्या आकड्यावर वाद घालणारे पुष्कळ. तो येतो कुठून, हे विचारणारे थोडे. काट्याखालचे पोलादी ठोकळे भाराने डोळ्याला दिसणार नाही इतके दबतात. त्यांना चिकटवलेली नागमोडी धातूची बारीक पट्टी हा बदल टिपते, कारण धातू ताणला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि दबला की घटतो. लॉर्ड केल्व्हिन यांनी हा गुण १८५६ मध्ये नोंदवला. चिकटवण्याची पट्टी १९३८ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. अतिदक्षता विभागात धमनीत नळी घालून रक्तदाब सतत मोजतात, तिथेही हेच तत्त्व वापरले जाते.

आता तोच ट्रॅक्टर पाहा. काट्यावर येण्याआधी तो दोन ट्रेलर ओढत ओढ्यांवरचे, कालव्यावरचे, कधी नीरेवरचेही पूल ओलांडून आलेला असतो. त्या प्रत्येक पुलाची तुळई भाराखाली वाकली. तिची वरची बाजू दबली, खालची ताणली गेली. किती, ते कोणी मोजले नाही. बांधकामाचे साधे पोलाद मीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर ताणले जाईपर्यंत भार उतरताच पूर्ववत होते, त्यापुढे ते कायमचे वाकते. एवढा फरक रस्त्यावरून दिसणे शक्य नाही.

तरीही आपली पूलतपासणी बहुतांशी नजरेवर चालते. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला. त्याआधीच्या तपासणीत तो धोकादायक ठरला नव्हता. १५ जून २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने पडला आणि चौघांचा जीव गेला. तिथे तर धोक्याचा फलकही होता. खाटेला ‘प्रकृती गंभीर’ अशी पाटी अडकवून डॉक्टर निघून गेला, तर नातेवाईक काय म्हणतील?

पट्टी चिकटवली की काम झाले, असेही नाही. उन्हाने पोलाद आपोआप लांबते. पहाट ते दुपार पंधरा अंशांचा फरक पडला, तर होणारी वाढ भरल्या ट्रकने येणाऱ्या ताणाएवढीही असू शकते. म्हणून भार नसलेल्या तुकड्यावर दुसरी पट्टी लावून ती वजा करावी लागते. शिवाय पट्टी फक्त ती लावल्यानंतरचा बदल सांगते. पुलाने आधी काय सोसले, ते तिला ठाऊक नसते. पायाखालची माती पुराने वाहून गेली, तर तुळईवरची पट्टी वेळेत सावध करीलच असे नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना दगडी पूल पुरातच वाहून गेला. पायांची तपासणी वेगळीच करावी लागेल.

पण बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात एक सोय हाताशी आहे, ती म्हणजे काटा. एक ट्रक काट्यावर तोलून घ्यावा, पहाटे ऊन चढण्याआधी संथ गतीने पुलावरून न्यावा आणि ताण नोंदवावा. पुढच्या वर्षी तेवढ्याच वजनाने, त्याच जागी पुन्हा मोजावे. तेवढ्याच भाराला तुळई जास्त ताणली, तर ती कमकुवत झाली असण्याची शंका घेऊन पुढची तपासणी करता येते. एकच रक्तदाब पाहून डॉक्टर फारसे बोलत नाही; तो जुने कागद मागतो. आपल्या बहुतेक गावपुलांचे असे जुने कागदच नाहीत.

सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांनी ऊसवाहतुकीच्या मार्गांवरील जुन्या पुलांपासून ही नोंद सुरू करावी. खर्चात कारखान्यांनी वाटा उचलावा. हंगामातला जड भार त्यांच्याच दारी जातो. आणि आलेला आकडा फायलीत न ठेवता पुलाच्या तोंडाशी, चालकाला वाचता येईल अशा अक्षरांत, किती टनांपर्यंत जाता येईल हे सांगत लिहावा. पुढचे गाळप सुरू होण्याआधी पहिली फेरी पूर्ण व्हायला हवी.