परीक्षा घेऊन वाटलेला वर्ण हाही वर्णच



वस्तीतल्या वाचनालयात आम्ही दर रविवारी मुलांसोबत वाचायला बसतो. परवा बी.ए.ला शिकणाऱ्या एका मुलीने अमीश त्रिपाठी यांची 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' (२०१०) ही कादंबरी समोर ठेवली आणि विचारले, "ताई, यात जात जन्मावरून नाहीच, परीक्षेवरून आहे. मग यात चूक काय?" शेजारी बसलेले चळवळीतले एक काका खेकसले, "असली जादूची पुस्तकं वाचायचीच कशाला?" काकांबद्दल आम्हाला आदर आहे. पण पोरीला उत्तर हवे होते, दटावणी नव्हे.

तर उत्तर असे. मेलुहात म्हणे रामाने आदर्श व्यवस्था घालून दिली. प्रत्येक मूल जन्मताच आईपासून तोडायचे, 'मैका' नावाच्या ठिकाणी सरकारने वाढवायचे, परीक्षा घ्यायची आणि निकालावरून ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ठरवायचे. झाले, जातीचा प्रश्न मिटला! पण परीक्षा इतकी निर्मळ आहे, तर पुढे गेलेल्याला ब्राह्मण आणि मागे राहिलेल्याला शूद्र हीच नावे कशाला? नावासोबत पायरी येतेच. गुणकर्माने वर्ण हा आर्यसमाजी युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये निकालात काढला. चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकत नाही, हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो रामाने केलेल्या शंबूकवधाचाच. मेलुहातही दंड आहे. जिच्या पोटी मेलेले मूल जन्मते ती बाई 'विकर्म' ठरते, गतजन्मीच्या पापाची धनी, शिवायचीसुद्धा नाही. पुढे नायक हा कायदा बदलायला लावतो, हे मान्य. चार पायऱ्या मात्र त्याला खटकत नाहीत.

म्हणून अद्भुत कादंबऱ्या सोडायच्या का? मुळीच नाही. टॉल्किनसुद्धा वाचा, फक्त तिथे राजा रक्ताने ठरतो आणि ऑर्क जन्मानेच दुष्ट असतात, हे ध्यानात ठेवून.

आमची पहिली शिफारस एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या 'द फिफ्थ सीझन'ची (२०१५). या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ असे सलग ह्यूगो पुरस्कार मिळाले. तिथे भूकंप थोपवण्याची शक्ती काही माणसांत उपजतच असते. समाज जगतो त्यांच्याच जिवावर आणि त्यांनाच शिवी घालून साखळीत ठेवतो. माणसाच्या नावातच त्याची कामावरून ठरलेली जात असते. आडनाव सांगताना आपला आवाज का खाली जातो, ते इथे कळेल. सुरुवातीलाच एका बापाने स्वतःच्या लहानग्याला मारलेले असते, कारण पोर 'त्यांच्यातले' निघाले. वाचताना आम्हाला पुस्तक मिटून ठेवावे लागले. पहिली पन्नास पाने अवघड जातील, आम्हालाही गेली. नेट लावा.

दुसरे पुस्तक उर्सुला ल ग्विन यांचे 'पॉवर्स' (२००७). गव्हीर हा गुलाम मुलगा मालकाच्या घरात शिकतो आणि मालक न्यायी आहेत असे मनापासून मानतो. त्याच्या बहिणीचा जीव जातो तेव्हा त्याचा तो विश्वास तुटतो. इंग्रजी सोपे आहे.

मुलीने जेमिसिन नेले. 'पॉवर्स'ची गोष्ट आम्ही काकांना मराठीत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी सगळ्यांना सांग."