घरकुलाचे मोजमाप कोणी करावे?



सरकारने घरे बांधली असे सांगितले जाते, तेव्हा त्याबरोबर एक आकडा सांगितला जातो. आकडा मोठा असला म्हणजे कामही मोठे झाले, असे आपण धरून चालतो. परंतु घर कोणत्या जागेवर उभे आहे आणि त्यात राहणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा त्याने वाढली की नाही, हे आकडा सांगत नाही. ते पाहण्याच्या कामास योजनेचे मूल्यमापन म्हणतात. हे काम आपल्या मुलामुलींनी व्यवसाय म्हणून पत्करावे, असे माझे आपणांस आग्रहाचे सांगणे आहे.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली, ती प्रथम अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यासाठी. १९९३-९४ पासून ती इतर गरिबांसही लागू झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरांवरून २५ झाले आणि सपाट प्रदेशातील साहाय्य ७० हजारांवरून १ लाख २० हजार रुपये झाले. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी रमाई आवास योजनाही आहे. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

तथापि एक प्रश्न उरतो. या योजनांत घर बहुधा कुटुंबाच्या स्वतःच्या जागेवर बांधले जाते. आपली जागा कोठे आहे? गावाच्या रूढीने आपल्या पूर्वजांना जेथे बसविले, तेथेच पुष्कळांची आहे. म्हणजे कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. पण गाव आणि वस्ती यांमधील रेषाही त्याबरोबर पक्की झाली. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तिची हद्द सरकारी सिमेंटाने कायम होत असेल, तर हे कोणाच्या तपासणीत यावयास नको काय?

कोणी म्हणेल, स्वतंत्र गावांची मागणी स्वतः बाबासाहेबांचीच होती. होय, १९४२ च्या नागपूर परिषदेत आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ती आहे. परंतु त्या मागणीत जमीन होती, आणि गावाच्या ताबेदारीतून सुटका होती. आज वेगळेपण तेवढे उरले. जमीन आली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. निवारा म्हणजे केवळ छप्पर नव्हे. उजेड, हवा, पाणी, स्वच्छता, रस्ता ही त्याची अंगे होत, असे त्या निकालाचे तात्पर्य आहे. तो वादही अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. मोजमापाची पट्टी न्यायालयाने दिलेली आहे. ती लावणारा हात हवा.

साधनही उपलब्ध आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह नोंदली जातात. खोटी घरे दाखवून पैसा उचलला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. पण त्याच नोंदींवरून आपले घर शाळेपासून, पाण्याच्या टाकीपासून, पक्क्या रस्त्यापासून किती दूर आहे, हेही काढता येईल. उत्तर दप्तरात पडून आहे, विचारणारा पाहिजे. ज्याच्या आईने दुरून पाणी वाहिले, त्यास हा प्रश्न सुचण्यासाठी पुस्तक लागत नाही.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती असते, की बौद्ध म्हणून नोंद केली तर घरकुल जाईल. ही भीती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात घ्या, आणि धर्म लपवू नका. जो आपली नोंदच चुकवितो, तो गणतीतूनही नाहीसा होतो.

बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी तिजोरीचा हिशेब तपासण्यास त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही. तुमच्या घरातील मुलगा वा मुलगी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा कायदा शिकत असेल, तर त्यांना केवळ नोकरी दिसेल तिकडे धावू देऊ नका. महालेखापरीक्षकांचे खाते, राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय, विद्यापीठांतील संशोधन, या वाटा त्यांना दाखवा. तोवर ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचावयास लावा. न वाचल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा.

घर मिळणे हा हक्क आहे. त्या घराचा हिशेब मागणे हाही हक्कच आहे. पहिला हक्क टिकावयाचा असेल, तर दुसरा बजावलाच पाहिजे.

जय भीम!