कायद्याचं राज्य पोरांना कसं सांगाल?



'कायद्याचे राज्य' हे शब्द पोरं नागरिकशास्त्रात पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. दोष त्यांचा नाही. घरी ती काय बघतात? एका दाखल्यासाठी बापाचे चार हेलपाटे, आणि साहेबापुढे जोडलेले हात. 'साहेब म्हणेल तो कायदा' हाच धडा मग मनात बसतो. तो पुसायचं काम मास्तरांचं नाही, आपलं आहे.

पोरांना विटीदांडू कळतो. डाव मांडण्याआधी नियम ठरतो. दांडू पाटलाच्या पोराचा असला तरी विटी झेलली की तो बाद. आणि हरायला लागल्यावर नियम बदलायचा नाही. घटनेच्या १४ व्या कलमात कायद्यापुढे सगळे समान असं लिहिलंय, त्याचं मूळ इथंच आहे.

मग त्यांना १९७५ ची गोष्ट सांगा. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीची निवड रद्द केली. प्रचारसभांच्या व्यासपीठांसाठी आणि लाऊडस्पीकरच्या विजेसाठी सरकारी नोकरांची मदत घेतली, हे त्यातलं एक कारण. पंतप्रधानही बाद होऊ शकतो, हे देशानं पाहिलं.

पण पुढचंही सांगा. २५ जूनला आणीबाणी आली. निवडणुकीचा कायदा मागच्या तारखेपासून बदलला. पंतप्रधानांच्या निवडीला कोर्टात हातच लावता येऊ नये म्हणून घटना दुरुस्त केली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतलं ते कलम रद्द केलं, मात्र बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड कायम ठेवली. शेवटी १९७७ साली रायबरेलीच्या मतदारांनीच निकाल दिला.

आता पोरांना विचारा, डाव संपल्यावर बदललेला नियम पुस्तकात छापला म्हणून न्यायाचा होतो का? कायदे इंग्रजांच्या राज्यातही भरपूर होते. कायदा असणं वेगळं आणि कायदा करणाऱ्यालाही तो बांधील असणं वेगळं.

पुढच्या वेळी कचेरीत जाताना पोराला, पोरीला सोबत न्या. 'नियम कोणता? कागद दाखवा,' असं नम्रपणे विचारा. सातबाऱ्यावरचा फेरफार मंजूर होण्याआधी संबंधितांना नोटीस मिळाली पाहिजे, हे त्यांना तिथंच समजावा. कागद मिळाला नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

आणि एक कडू गोष्ट. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत ओळखीनं आपली गाडी पुढे घातली, तर पोरगं तेही बघतं. त्या दिवशी आपण साहेबाच्याच बाजूला उभे असतो. पंतप्रधानाला लागू तो नियम आपल्या गाडीलाही लागू, एवढं पाळलं तर पोरांना वेगळं शिकवावं लागणार नाही.