घरातला कॅमेरा कोणाच्या हुकमतीत?

दारावर कॅमेरा बसवला की घर सुरक्षित झाले, अशी समजूत शहरांतून आता रूढ झाली आहे. तंत्रज्ञ येतो, भिंतीला छिद्र पाडतो, मालकाच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून देतो आणि निघून जातो. त्यानंतर हा कॅमेरा नेमके कोणाचे ऐकतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वास्तविक असा कॅमेरा म्हणजे भिंग लावलेला छोटा संगणकच. घरच्या वाय-फायवरून त्याला आज्ञा देता येते आणि ती देण्यासाठी कंपनीचे अ‍ॅप असलेच पाहिजे असे नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकच भाषा समजावी, यासाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये 'ऑनव्हिफ' हा मंच स्थापन केला. ही भाषा जाणणारा कॅमेरा हाती असेल, तर पायथॉनमधील काही ओळींची स्क्रिप्ट बरेच काही करू शकते. घरमालकाचा मोबाइल घरच्या वाय-फायला जोडला गेला, की दिवाणखान्यातला फिरता कॅमेरा भिंतीकडे तोंड करतो. घरातील शेवटचा मोबाइल बाहेर पडला, की पुन्हा दाराकडे वळतो. चित्रण घरातल्याच जुन्या संगणकावर साठते, म्हणजे क्लाउडचे मासिक शुल्क वाचते. थोडेफार प्रोग्रॅमिंग शिकलेल्या महाविद्यालयीन मुलालाही हे एखाद्या रविवारी जमावे.

परंतु बाजारातील अनेक कॅमेरे मालकाची आज्ञा थेट घेतच नाहीत. ती आधी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून परत घरी येते. चित्रणाचाही मार्ग तोच. अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या 'रिंग' कंपनीने कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहण्याची मोकळीक ठेवली होती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये केला. तडजोडीपोटी कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. शयनगृहातील कॅमेऱ्याची किल्ली दुसऱ्याकडे असते, तेव्हा काय होऊ शकते याचा हा नमुना.

मग किल्ली मालकाच्या हाती आली, की प्रश्न मिटतो का? तसेही नाही. जी आज्ञा मालकाची स्क्रिप्ट देते, तीच परक्याची स्क्रिप्टही देऊ शकते. कॅमेरा फक्त पासवर्ड पाहतो. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून ठरून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या आणि जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने 'डिन' या कंपनीवर हल्ला केला. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे अमेरिकेतील असंख्य लोकांसाठी काही तास बंद पडली. यात फार मोठी विद्या लागली नव्हती. पासवर्ड बदललेले नव्हते, एवढेच.

सरकारांना जाग आली ती यानंतर. कॅलिफोर्नियात २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २०२४ पासून सर्व उपकरणांना एकच ठरावीक पासवर्ड देण्यास बंदी आहे. भारतानेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम एप्रिल २०२४ मध्ये काढले आणि वर्षभराने ते लागू केले. पाऊल योग्यच आहे. मात्र हा नियम विक्रीला येणाऱ्या मालापुरता. त्याआधी बसवलेल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड बदलण्याचे काम मालकावरच येते. कंपनीच्या सर्व्हरवाचून कॅमेरा वापरण्याची मुभा ग्राहकाला असावी की नाही, या मुद्द्याचीही आपल्याकडे फारशी चर्चा नाही.

स्वतः स्क्रिप्ट चालवणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे. तिच्यासाठी कॅमेऱ्यात मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडावे, मुख्य पासवर्ड फाइलमध्ये लिहू नये आणि बाहेरगावाहून चित्र दिसावे म्हणून राउटरचे दार इंटरनेटला सताड उघडे ठेवू नये. त्यासाठी व्हीपीएनचा मार्ग आहे. सोसायटीच्या जिन्यातील कॅमेऱ्यांचा पासवर्ड तर अनेकदा बसवून देणाऱ्यालाच ठाऊक असतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी सचिवांकडे तो कोणाकोणाकडे आहे, याची विचारणा करायला हरकत नाही.