झाडं लावली, पण मुळाच्या सोबतीचं काय?

मारेगाव : पाऊस लागला की खड्डे होतात, रोपं येतात, फोटो निघतात. उन्हाळ्यात त्याच जागी वाळक्या काड्या उभ्या दिसतात. 2019 मध्ये राज्यानं 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. लावलेल्या झाडांचा आकडा मोठा होतो, जगलेल्यांचा हिशेब मागं पडतो. रोप मेलं की आपण पाणी नाही, गुरांनी खाल्लं एवढंच म्हणतो. मातीतली बुरशी कोणी विचारातच घेत नाही.

बुरशी म्हटलं की तुरीचा मर रोग आठवतो. पण सगळीच बुरशी वैरी नसते. मायकोरायझा नावाची बुरशी मुळात शिरते अन् केसाहून बारीक धागे मातीत पसरवते. मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद अन् ओल झाडाला आणून देते, बदल्यात झाडाची साखर घेते. सागवान, कडुनिंब, बांबू, कपाशी, तूर सगळ्यांशी तिचं जमतं.

बरड जमिनीत अन् खाणीच्या ढिगाऱ्यावर ही बुरशी फारच कमी असते. उदाहरण शेजारचंच आहे. वर्धा नदीपलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरी संस्थेनं सेंद्रिय गाळ, जिवाणू खतं अन् मायकोरायझा देऊन झाडं लावली. 2008 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. मातीत अन्नद्रव्यं वाढली, जड धातू कमी झाले. वणी-मारेगाव भागातही कोळसा आहे, त्यामुळं ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

पाण्याचा संबंध सरळ आहे. बुरशीचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. माती अन् तिच्यासोबतचं खत नाल्यात कमी वाहून जातं. स्फुरद मुळाला नीट मिळालं तर डीएपीही कमी लागतं. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. ते खडकातून येतं, बुरशीनं जात नाही. पिण्याचं पाणी तपासूनच घ्यावं लागेल.

वावरात काय करायचं? मायकोरायझा पानावर फवारून उपयोग नाही, रोप लावताना मुळाला लागली पाहिजे. सोबत शेणखत द्या. त्याच खड्ड्यात डीएपीचा ढीग टाकू नका, जास्त स्फुरद असलं की झाड या बुरशीला जवळ करत नाही. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणीही त्या वेळी टाळा. विकत घ्यायला पैसे नसतील तर धुऱ्यावरच्या जुन्या, निरोगी झाडाखालची ओंजळभर माती बारीक मुळ्यांसकट खड्ड्यात टाका. ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी आहे, ती मर अन् मूळकुजीसाठी. दुकानदार दोन्ही एकच म्हणून देत असेल तर पाकीट वाचा, मुदत पाहा, पक्कं बिल घ्या.

आता ग्रामसभेत विचारायचे प्रश्न दोन. रोपवाटिकेतल्या पिशवीतच ही बुरशी का देत नाही? अन् झाडांची मोजणी लावल्या दिवशी न करता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर का करत नाही? झाडं लावायचा पैसा आपलाच आहे. खाणीच्या ढिगाऱ्यावर जमलं, तर गावच्या ई-क्लास जमिनीवर का जमू नये?