झाकली मूठ

म्हैसूर म्हटले की दसरा, चंदन आणि म्हैसूरपाक आठवतो. पण १९९६ पासून या गावात नोटाही छापल्या जातात, हे किती जणांना ठाऊक असते? रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचा तो छापखाना. नोटांचे माहेर हे, आणि गृहिणीची शंभराची नोट मात्र तांदळाच्या डब्यात दडलेली!

शेजारी विचारतात, ‘यंदा बोनस किती?’ गृहस्थ म्हणतात, ‘चाललंय कसंबसं!’ आणि हेच गृहस्थ एटीएमचा गुप्त आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवतात. हा आकडा चारच अंकी का? एटीएमचे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन सांगत, की त्यांनी सहा अंक योजले होते. पण पत्नीच्या चारच लक्षात राहत. झाले, चार ठरले!

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ‘आधार’ला आव्हान देणारे अर्जदार निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजचे विद्यार्थी. २०१२ साली अर्ज केला, तेव्हा वय ८६!

मात्र गुपित राखायचे ते परक्यांपासून. दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. वारसांना ती नंतरही मागता येते. पण ठेव आहे, हे ठाऊक तर हवे! तेव्हा आकडा कोणाला सांगू नका. पासबुक कुठे आहे, ते मात्र सौभाग्यवतींना आजच सांगा.